सॅव्हॉयमधला चहा: ज्योती आमगे यांची लंडनभेट (एका मराठी चर्चास्थळावरील धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

गोरेवाडा

गिनीज वर्ल्ड रेकॉर्ड्स ही संस्था दरवर्षी नोव्हेंबरात आपला विक्रमदिन साजरा करते. २०२४ च्या विक्रमदिनानिमित्त, म्हणजे २१ नोव्हेंबरच्या सुमारास, लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील दुपारच्या चहाची काही छायाचित्रे जगभर झळकली. चहाला दोघी होत्या. एक आमच्या नागपूरच्या ज्योती आमगे, उंची ६२.८ सेंटिमीटर, आणि दुसऱ्या तुर्कस्तानच्या रुमेयसा गेलगी, उंची २१५.१६ सेंटिमीटर. हयात स्त्रियांमध्ये सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उंचीचा विक्रम ज्यांच्या नावावर आहे, त्या दोघी प्रथमच भेटत होत्या. उंचीतला फरक १५२ सेंटिमीटरांहून थोडा अधिक, म्हणजे सरासरी भारतीय स्त्रीच्या उंचीइतका.

आकडा वाचून चित्र डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून मी घरी एक उद्योग केला. मुलीच्या कंपासपेटीशेजारच्या दोन फूटपट्ट्या दाराच्या चौकटीला एकावर एक उभ्या लावल्या, वर एक बोट आडवे ठेवले आणि पेन्सिलीने खूण केली. ज्योती आमगे यांची उंची एवढीच आहे. जेवणाचे टेबल त्या खुणेपाशी सरकवले, तेव्हा खूण टेबलाच्या फळीखाली चार बोटे गेली. म्हणजे चहाचा कप ज्या टेबलावर ठेवतात, त्याच्याजवळ त्या उभ्या राहिल्या तर पलीकडच्या माणसाला त्या दिसणारही नाहीत. छायाचित्रांत मात्र एकाच मापाचा कप एकीच्या हातात वाडग्याएवढा आणि दुसरीच्या हातात भातुकलीतला वाटतो.

आमच्या गल्लीत या छायाचित्रांवर दोन प्रतिक्रिया उमटल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बिचारीला कुठे कुठे फिरवतात." त्यांचेच यजमान म्हणाले, "नागपूरचे नाव लंडनात काढले." दोन्ही वाक्ये मला अपुरी वाटली, पण का, ते नेमके सांगता आले नाही. अशा प्रसिद्धीदौऱ्याला काय म्हणावे: सन्मान, नोकरी की नमुना दाखवणे? येथे जाणती मंडळी आहेत, म्हणून धागा काढला.

थेम्सकाठ

गेली अनेक वर्षे मी लंडनमध्ये राहतो आणि कामावर जाताना सॅव्हॉय ज्या रस्त्यावर आहे त्या स्ट्रँडवरून चालतो, म्हणून आधी जागेविषयी लिहितो.

सॅव्हॉय हॉटेल १८८९ साली सुरू झाले. रिचर्ड डॉयली कार्ट या नाट्यनिर्मात्याने शेजारच्या आपल्या नाट्यगृहाच्या कमाईतून ते बांधले, आणि त्या काळी घरोघरी गॅसचे दिवे असताना येथे विजेचे दिवे व विजेवर चालणारे उद्वाहन होते. क्लोद मोने याने थेम्सवरील पुलांची जी प्रसिद्ध चित्रे काढली, त्यांपैकी बरीच याच हॉटेलच्या खोल्यांतून नदीकडे पाहत काढलेली आहेत. हॉटेलच्या दारापर्यंत जाणाऱ्या छोट्या गल्लीत वाहने उजवीकडून चालतात. डावीकडून गाड्या हाकणाऱ्या ब्रिटनमधला हा अपवाद येथील टॅक्सीवाले प्रत्येक नवख्या प्रवाशाला ऐकवतात. दुपारचा चहा म्हणजे येथे निव्वळ चहा नसतो. तीन मजली तबकात खाली कडा कापलेली सँडविचेस, मध्ये स्कोन म्हणजे छोटे बन-पाव, त्यासोबत घट्ट साय आणि मुरंबा, व वर छोटी केके येतात. आपल्याकडे चहा-पोहे दहा मिनिटांत उरकतात. हा कार्यक्रम दीड-दोन तास चालतो.

पण जागेची खरी गंमत पुढे आहे. सॅव्हॉयमधून बाहेर पडून स्ट्रँडवर पूर्वेकडे चालत राहिले की तोच रस्ता फ्लीट स्ट्रीट या नावाने पुढे जातो, आणि पंधरा-वीस मिनिटांत १०७ क्रमांक येतो. विक्रमांचे हे पुस्तक तेथील कचेरीत जन्मले. १० नोव्हेंबर १९५१ रोजी आयर्लंडमधील वेक्सफर्ड परगण्यात शिकारीच्या वेळी ज्यांची शिकार केली जाते अशा पक्ष्यांत युरोपातला सर्वांत वेगवान कोणता, यावरून वाद झाला. वाद घालणाऱ्यांत गिनीज या मद्यकंपनीचे व्यवस्थापकीय संचालक सर ह्यू बीव्हर होते. उत्तर एकाही पुस्तकात मिळेना. पबमध्ये रोज असे वाद होत असणार, तर ते मिटवणारे पुस्तक आपणच काढावे, असे त्यांच्या मनात आले. नॉरिस आणि रॉस मॅकविर्टर या जुळ्या भावांनी ते संपादित केले आणि पहिली प्रत २७ ऑगस्ट १९५५ रोजी बांधून तयार झाली. पुस्तकाची सत्तरावी वर्षपूर्ती साजरी करताना त्याच रस्त्यावर हा चहा ठेवला गेला. योगायोग असेल किंवा कोणी विचारपूर्वक केले असेल, पण मला ते आवडले.

तिकीटखिडकी

जागेचे वर्णन सुरेख आहे, परंतु त्या चहाचे बिल कोण भरते आणि का, हाही प्रश्न विचारायला हवा. हे पुस्तक आता मद्यकंपनीच्या हातात नाही. २००८ पासून ते कॅनडातील जिम पॅटिसन समूहाच्या मालकीचे आहे, आणि पुस्तकाच्या विक्रीखेरीज कंपन्यांना विक्रमांच्या आधारे जाहिरातमोहिमा आखून देणे हा त्यांचा मोठा व्यवसाय आहे. विक्रम केल्याबद्दल किंवा धारण केल्याबद्दल ही संस्था कोणालाही पैसे देत नाही, प्रमाणपत्र देते. अशा संस्थेला वर्षातून एकदा जगातील प्रत्येक वृत्तपत्राने फुकट छापावे असे छायाचित्र लागते, आणि ते मिळवण्याची त्यांची रीत ठरलेली आहे: एक टोक आणि दुसरे टोक शेजारी उभे करायचे.

उदाहरणे पाहा. सप्टेंबर २००८ मध्ये चीनचे ही पिंगपिंग ("ही" हे त्यांचे आडनाव) यांना, ज्यांची उंची जेमतेम ७४ सेंटिमीटर होती, लंडनच्या ट्रफाल्गर चौकात आणले आणि जगातील सर्वांत लांब पायांचा विक्रम असलेल्या रशियाच्या स्वेतलाना पांक्रातोवा यांच्या पायांशी उभे करून छायाचित्रे काढली. नोव्हेंबर २०१४ मध्ये, पुन्हा लंडनमध्येच, २५१ सेंटिमीटर उंचीचे सुलतान कोसेन आणि ५४.६ सेंटिमीटर उंचीचे नेपाळचे चंद्रबहादूर डांगी यांची भेट घडवली. जानेवारी २०१८ मध्ये ईजिप्तच्या पर्यटनाला चालना देण्यासाठी गिझाच्या पिरॅमिडांसमोर कोसेन आणि आपल्या ज्योती आमगे यांना उभे केले. माणसे बदलतात, चौकट तीच राहते. जत्रेतल्या तंबूबाहेर भोंगा घेऊन बसलेला माणूस हेच करीत असे. फरक एवढाच की त्याच्याकडे सॅव्हॉय नव्हते.

शुद्धलेखन

चर्चा पुढे जाण्यापूर्वी एक विनंती. या बातमीच्या मराठी मथळ्यांत "चिमुकली ज्योती", "बाहुलीएवढी ज्योती" असे शब्द वाचले. ज्योती आमगे यांचा जन्म १६ डिसेंबर १९९३ चा आहे. लंडनभेटीच्या वेळी त्या तीस वर्षे पूर्ण केलेल्या, मतदान करणाऱ्या बाई होत्या. सत्तावीस वर्षांच्या गेलगी यांना कोणी "लांबोडकी" म्हटले नाही, मग यांनाच एकेरी का? या धाग्यावर "त्या" असेच लिहावे.

जुनीपाने

तिकीटखिडकी यांनी तंबू काढला, म्हणून मी त्या तंबूचा इतिहास मांडतो. तो नेमका याच शहरातला, किंबहुना याच मोहल्ल्यातला आहे.

१८४४ च्या सुरुवातीला फिनिअस बार्नम या अमेरिकी खेळवाल्याने चार्ल्स स्ट्रॅटन नावाच्या मुलाला लंडनला आणले. जाहिरातीत त्याचे नाव जनरल टॉम थम होते. मुलगा सहा वर्षांचा होता, पण बार्नम त्याचे वय वाढवून सांगे, कारण लहान मुलाने लहान असण्यात नवल ते काय! त्याची उंची बार्नमच्या म्हणण्याप्रमाणे पंचवीस इंच होती, म्हणजे साडेत्रेसष्ट सेंटिमीटर. गोरेवाडा यांच्या चौकटीवरील खुणेपेक्षा ती अवघी सात मिलिमीटर वर येईल.

२३ मार्च रोजी बकिंगहॅम राजवाड्यात राणी व्हिक्टोरियाने त्याला बोलावले. राणीकडे पाठ न करता मागे मागे सरकत दालनाबाहेर जायचे, असा दरबारी रिवाज होता. बार्नमने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की दालन लांबलचक होते आणि स्ट्रॅटनची पावले इवलीशी, त्यामुळे तो मागे पडू लागला की वळून चक्क धावत सुटे, पुन्हा राणीकडे तोंड करून चार पावले मागे जाई आणि पुन्हा धावे. या धावपळीने राणीचे कुत्रे बिथरले आणि त्याच्यावर भुंकत आले. तेव्हा त्याने हातातली काठी परजून त्याच्याशी लढाई केली व सारा दरबार हसून लोटपोट झाला. हा प्रसंग दीडशेहून अधिक वर्षे गमतीदार म्हणून सांगितला गेला आहे. सहा वर्षांच्या मुलाला कुत्रे अंगावर आल्यावर काय वाटले असेल, हे मात्र त्यात कोठेही येत नाही.

राजवाड्यातील भेटीची बातमी छापून आली आणि पिकॅडिलीतल्या ईजिप्शियन हॉलमध्ये तिकिटासाठी झुंबड उडाली. दोन वर्षांनी, १८४६ मध्ये, याच इमारतीत बेंजामिन हेडन या चित्रकाराने आपल्या भव्य ऐतिहासिक चित्रांचे प्रदर्शन मांडले, तेव्हाही शेजारच्या दालनात टॉम थमचा खेळ चालू होता. लोक तिकडे लोटत होते. हेडनने आपल्याकडील आठवड्याचा हिशेब मांडला: १३३½ प्रेक्षक, अर्धा म्हणजे एक लहान मुलगी. कर्जात बुडालेल्या त्या माणसाने २२ जूनला आत्महत्या केली. दोष अर्थात त्या मुलाचा नव्हता, पण गर्दी काय पाहायला पैसे मोजते याचा असा रोखठोक हिशेब मला दुसरीकडे मिळालेला नाही.

स्ट्रॅटनचे निदान बरे झाले. तो श्रीमंत झाला, लग्न केले आणि पुढे अडचणीत आलेल्या बार्नमलाच त्याने हात दिला. त्याआधीच्यांची कथा निराळी आहे. १८२४ मध्ये कॅरोलिन क्राकामी ही जेमतेम पन्नास सेंटिमीटर उंचीची मुलगी बाँड स्ट्रीटवर "सिसिलीची परी" म्हणून दाखवली जात असे. पाहायला पैसे पडत, हातात उचलून घ्यायला जास्त. त्याच वर्षी ती वारली, तर तिला दाखवणाऱ्या माणसाने आईबापांना न कळवता तिचा देह विकला, आणि तिचा सांगाडा शल्यचिकित्सकांच्या संग्रहात गेला. तिच्याही आधी, १७८३ मध्ये, चार्ल्स बर्न हा आयरिश तरुण चॅरिंग क्रॉसपाशी बावीस वर्षांचा असताना वारला. त्याच्या सांगाड्याची उंची सुमारे २३१ सेंटिमीटर भरते. आपला देह शरीरशास्त्रज्ञांच्या हाती लागू नये, आपल्याला समुद्रात बुडवावे, अशी त्याची इच्छा होती. जॉन हंटर या शल्यचिकित्सकाने पैसे चारून तो देह मिळवलाच. लिंकन्स इन फील्ड्स येथील हंटेरियन संग्रहालयात तो सांगाडा दोन शतके लोकांना पाहायला ठेवला होता, आणि २०२३ च्या मे महिन्यात संग्रहालय नव्याने उघडले तेव्हा तो मांडणीतून काढलेला होता. सॅव्हॉयपासून हे ठिकाण दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे.

अस्थिवैद्य

मी अस्थिरोगाचा व्यवसाय करतो. छायाचित्रावरून निदान करणे हे आमचे काम नव्हे, तरी दोन-तीन गोष्टी स्पष्ट करता येतील.

ज्योती आमगे यांच्याबाबत वृत्तपत्रे अकाँड्रोप्लेझिया हे नाव देतात. हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेचे हाडात रूपांतर नीट होत नाही, त्यामुळे हातपाय आखूड राहतात, असा हा जनुकीय विकार आहे. परंतु त्यात प्रौढ स्त्रीची उंची सरासरी चार फुटांच्या आसपास असते. ६२.८ सेंटिमीटर हे त्याच्या निम्मे झाले, सहा महिन्यांच्या सुदृढ मुलीच्या सरासरी उंचीपेक्षाही कमी. म्हणून हा आकडा डॉक्टरांनाही थबकायला लावतो. रुमेयसा गेलगी यांना वीव्हर सिंड्रोम हा अत्यंत दुर्मीळ विकार आहे. त्यात वाढ अतोनात होते आणि हाडे वयाच्या मानाने लवकर पक्व होतात. त्या बहुतेक वेळ चाकांच्या खुर्चीत असतात आणि थोडे अंतर वॉकर घेऊन चालतात.

मोजमापही गमतीचे काम नसते. दिवसभरात मणक्यांमधील चकत्या दबतात आणि माणूस सकाळपेक्षा संध्याकाळी सेंटिमीटरभर आखूड होतो. म्हणून चोवीस तासांत तीनदा मापे घेऊन सरासरी काढतात. १६ डिसेंबर २०११ रोजी, अठराव्या वाढदिवशी, नागपुरात ज्योती आमगे यांना विक्रम मिळाला तो असाच. त्याआधी अमेरिकेच्या ब्रिजेट जॉर्डन यांचा सुमारे ६९ सेंटिमीटरचा विक्रम होता. आजवरच्या नोंदीतील सर्वांत कमी उंचीची स्त्री म्हणजे नेदरलँड्सच्या पॉलिन मस्टर्स, ६१ सेंटिमीटर. गोरेवाडा यांच्या बरोबर दोन फूटपट्ट्या, वरचे बोट वगळून. त्या १८९५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कला वारल्या, त्याही खेळ दाखवायला गेल्या असतानाच.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती. अशा शरीराला प्रवास फार महाग पडतो. ही पिंगपिंग मार्च २०१० मध्ये इटलीतील विक्रमांच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या चित्रीकरणासाठी रोमला गेले, तेथे हृदयाच्या त्रासाने आजारी पडले आणि एकविसाव्या वर्षी वारले. चंद्रबहादूर डांगी लंडनच्या त्या भेटीनंतर वर्षही उलटले नसताना, सप्टेंबर २०१५ मध्ये, दौऱ्यावरच अमेरिकन सामोआत पंचाहत्तराव्या वर्षी गेले. इतिहासातील सर्वांत उंच माणूस, २७२ सेंटिमीटरचा रॉबर्ट वॉडलो, एका बूटकंपनीची जाहिरात करीत गावोगाव हिंडे. पायाला बळ म्हणून लावलेल्या पट्टीने घोट्याला घासून फोड आला, तो चिघळला आणि जुलै १९४० मध्ये बाविसाव्या वर्षी तो मिशिगनमधील एका उत्सवाच्या गावी वारला. गेलगी यांनी २०२२ मध्ये पहिला विमानप्रवास केला तेव्हा इस्तंबूलहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत तेरा तास त्या आडव्या होत्या, कारण सहा आसने काढून तेथे स्ट्रेचर बसवावे लागले. चहाच्या त्या छायाचित्रामागे विमानाचे किती तास, किती वेदनाशामके आणि परतल्यावर किती दिवसांचे अंथरूण असते, ते मथळ्यात येत नाही.

पावणेचार_फूट

माझे नाव वाचून उंची कळलीच असेल. येथे तीन वर्षे केवळ वाचते आहे, प्रथमच लिहिते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी प्रौढ उंची असलेल्या विकाराला स्वतंत्र प्रवर्ग दिला. मराठी परिपत्रकांत त्याला "शारीरिक वाढ खुंटणे" म्हणतात. शब्द ठीक आहे, खुंटले ते शरीर, असे निदान स्पष्ट होते. शाळेत माझ्यासाठी वेगळा शब्द होता. स्नेहसंमेलनात दरवर्षी मला वामनाचे काम मिळे, कारण दुसऱ्या कोणाला मेकअप करून ते जमले नसते. छत्री धरायची, तीन पावले जमीन मागायची आणि तिसरे पाऊल बळीच्या डोक्यावर ठेवायचे. बळी झालेला मुलगा गुडघ्यावर बसला तरी माझ्या बरोबरीला येई, त्यामुळे माझा पाय त्याच्या डोक्यापर्यंत पोचत नसे, आणि नेमके तेव्हाच सभागृह हसे. बाईंना तो हशा नाटकाचे यश वाटे. सलग चार वर्षे त्यांनी मलाच निवडले.

आता मी एका बँकेत काम करते. काउंटरमागे माझ्यासाठी लाकडी चौरंग ठेवला आहे. त्यावर उभी राहिले की ग्राहकाला माझा चेहरा दिसतो, आणि तो सरकला की केवळ केस. आठवड्यातून एकदा तरी कोणी फोन माझ्याकडे रोखून फोटो काढतो, "मुलांना दाखवायला". विचारत कोणी नाही. म्हणून "बिचारीला फिरवतात" हे वाक्य वाचले की मला हसू येते. आम्हांला लोक रोज पाहतात, रस्त्यात, रिक्षात, लग्नात, आणि ते सगळे फुकट असते. ज्योतीताई निदान करारावर सही करतात, कोणत्या दिवशी, कोणत्या कपड्यांत, कोणासोबत, हे त्यांना आधी ठाऊक असते, आणि न आवडल्यास नकार देता येतो. माझ्याकडे नकाराची सोय नाही. कॅरोलिन क्राकामीकडेही नव्हती.

तरीही तिकीटखिडकी यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. मलाही ते छायाचित्र पाहून आधी पोटात ढवळले, कारण गेलगी वेबसाइटी बांधण्याचे काम करतात आणि ज्योतीताईंनी अभिनय केला आहे, पण बातम्यांत ठळक होते ते दोन आकडे. मग मी खालचा मजकूर वाचला. दोघींच्या गप्पा मेकअप, दागिने आणि नखे यांवर रंगल्या, आणि उंचीतील फरकामुळे एकमेकींच्या डोळ्यांत पाहणे कधी कधी अवघड जात होते, असे गेलगी म्हणाल्या. हे वाचून मी थांबले. डोळ्यांत पाहण्याची अडचण काय असते हे ज्यांना रोज सोसावे लागते त्यांनाच सुचणारे वाक्य आहे ते. माझी मान संध्याकाळी दुखते ती कामाने नव्हे, वर पाहून. उंच माणसाची मान खाली पाहून दुखत असेल, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते.

माझा प्रश्न सोपा आहे. ज्योतीताई कशावर बसल्या होत्या? उशा रचल्या होत्या की उंच खुर्ची आधीच आणून ठेवली होती? यजमानाने किती विचार केला, ते मी तेवढ्यावरून ओळखीन.

तिकीटखिडकी

पावणेचार_फूट यांच्या प्रतिसादापुढे माझा भोंगा-तंबूचा दृष्टान्त उथळ ठरतो, हे मान्य करतो. करार आणि नकार हा फरक मी लक्षात घेतला नव्हता. मात्र एक शंका उरते: ज्यांच्यासाठी दुसरी दारे फारशी उघडत नाहीत, त्यांच्या होकाराला आपण पूर्ण होकार म्हणावे का? बँकेतील चौरंग जितका सहज मिळायला हवा तितका मिळत असता, तर किती जणांनी दौऱ्याचा मार्ग धरला असता?

पावणेचार_फूट

चौरंगही मला दोन वर्षे अर्ज करून मिळाला. तोवर मी कागदांच्या गठ्ठ्यावर उभी राहत असे. आपली शंका रास्त आहे, पण ती पाच फुटी माणसांच्या नोकऱ्यांनाही लावून पाहा. आवडते दार उघडले म्हणून कामावर जाणारे किती जण असतात?

गोरेवाडा

एवढे सकस प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. नागपूरकर म्हणून माझ्याकडून थोडी भर.

ज्योती आमगे यांच्या कामाचा पट २०११ च्या प्रमाणपत्रापाशी थांबत नाही. २०१२ मध्ये त्या इटलीतील विक्रमांच्या त्याच कार्यक्रमात सहसूत्रसंचालक होत्या, ज्याच्यासाठी गेले असता ही पिंगपिंग वारले. डॉक्टरांचा प्रतिसाद वाचेपर्यंत या दोन गोष्टी मी कधी जोडल्या नव्हत्या. अंगावर काटा आला. २०१४ मध्ये एका अमेरिकी भयमालिकेच्या पर्वात त्यांनी भूमिका केली. त्या पर्वाचे कथानक १९५२ सालच्या फ्लोरिडातील, विचित्र शरीरांचा खेळ दाखवणाऱ्या तंबूत घडते. म्हणजे जुनीपाने यांनी सांगितलेला तो तंबू त्यांनी अभिनय म्हणून, संवाद पाठ करून साकारला. लोणावळ्याच्या मेणपुतळ्यांच्या संग्रहालयात त्यांचा पुतळा आहे, आणि तो बनवणाऱ्याचे मेण बरेच वाचले असणार, असा विनोद आमच्याकडे जो तो करतो. मीही केला आहे, आता करणार नाही.

मतदानाच्या दिवशी त्या कुटुंबासह केंद्रावर येतात तेव्हा कॅमेऱ्यांची रेटारेटी होते. एप्रिल २०२४ मध्येही तेच झाले. त्या शाई लावलेले बोट दाखवतात, मतदान करा म्हणून सांगतात आणि निघतात. त्या दृश्यात मला कधीच कीव वाटली नाही. कदाचित म्हणूनच काकूंचे वाक्य खटकले असावे. आणि काकांचे वाक्य खटकले ते यासाठी, की नाव नागपूरचे निघाले खरे, पण तेरा तेरा तासांचे प्रवास नागपूरने केलेले नाहीत.

खुर्चीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याकडे नाही. थेम्सकाठ, आपण तेथेच आहात.

थेम्सकाठ

खुर्चीचे उत्तर मलाही मिळवता आले नाही. चहाला बसण्याइतकी माझी ऐपत नाही आणि उगाच आत डोकावून खुर्च्या मोजण्याचे धाडस झाले नाही. पण शनिवारी मी या धाग्यातील ठिकाणांवरून चालून आलो.

ट्रफाल्गर चौकात पायऱ्यांवर शाळकरी मुलांची सहल सँडविचेस खात बसली होती. बर्न जेथे वारला तो कॉकस्पर स्ट्रीट चौकाला लागूनच आहे. पिकॅडिलीतला ईजिप्शियन हॉल १९०५ मध्येच पाडला गेला, तेथे आज दुकाने आणि कचेऱ्या आहेत. खाली गर्दी तेवढीच. तेथून उलट फिरून स्ट्रँडने सॅव्हॉयपर्यंत आलो, तेव्हा पावसाची भुरभुर सुरू झाली होती आणि दारापाशी उंच टोपीतला द्वारपाल एका आजीबाईंवर छत्री धरून चालला होता. मुठीपर्यंत त्याचा हात सरळ वर गेला होता, म्हणजे आजीबाईंवर निम्मा पाऊस पडतच होता.

हंटेरियन संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे. काचेच्या बरण्यांच्या रांगांतून पुढे गेलो. बर्नचा सांगाडा आता मांडलेला नाही, त्याऐवजी जॉशुआ रेनॉल्ड्स याने काढलेले जॉन हंटरचे तैलचित्र लावले आहे. हंटर टेबलाशी हनुवटीला हात लावून विचारात बसला आहे, समोर कागद आणि दौत. मी पाच मिनिटे चित्र पाहून निघणार, एवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी आपल्या मुलाला चित्राचा वरचा उजवा कोपरा दाखवला. तेथे, चौकटीने कापलेले, हाडांचे दोन लांब पाय लोंबत होते. बाकीचा बर्न चित्राबाहेर होता.